साष्टीतील श्रोता आणि फादर थॉमस स्टीफन्स

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव आले की त्यांनी केलेली मराठी भाषेची स्तुती पाठोपाठ येतेच. ‘क्रिस्तपुराणा’च्या पहिल्या अवस्वरातील त्या मोजक्या ओव्या इतक्या वेळा उद्धृत झाल्या आहेत की सुमारे अकरा हजार ओव्यांचा उरलेला ग्रंथ त्यांच्या आड गेला. त्याच अवस्वरात एक साधा प्रसंग आहे, आणि ग्रंथाचा खरा आरंभ तेथे होतो. साष्टीतील एका देवळात रविवारी मुलांना धर्मशिक्षण देण्याचे काम चालले आहे. तेथे एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो, की तुम्ही आमची पूर्वीची पुराणे वाचण्यास मनाई केलीत, ते ठीक. परंतु त्यांच्या जागी दुसरी पुराणे आम्हांला का देत नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढचे सारे पुराण सांगितले जाते.

ख्रिस्ती धर्मप्रचाराच्या इतिहासात या प्रश्नाला वेगळे महत्त्व आहे. श्रोत्याला आपल्या आत्मिक गरजेची जाणीव झाल्याखेरीज शुभवर्तमान त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, हा विचार ख्रिस्ती परंपरेत फार जुना आहे. संत ऑगस्टीन यांनी इ. स. ४०० च्या सुमारास नवागतांच्या धर्मशिक्षणाविषयी जो छोटा ग्रंथ लिहिला, त्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून कथन सुरू करावे, ऐकणारा कोण आहे आणि कशासाठी आला आहे हे आधी जाणून घ्यावे, असे सुचविले आहे. आधी गरज, मग शिकवण आणि शेवटी बाप्तिस्मा असा तो क्रम आहे. सोळाव्या शतकातील साष्टीत हा क्रम बहुतांशी उलटा झाला होता. तेथे बाप्तिस्मा आधी झाला. त्याची गरज का होती हे नंतर सांगावयाचे राहिले. स्टीफन्स यांच्या गोव्यातील चाळीस वर्षांचा अर्थ या उलट्या क्रमाच्या संदर्भातच नीट लागतो.

त्यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात बुश्टन या खेड्यात इ. स. १५४९ च्या सुमारास झाला. वडील व्यापारी होते. तरुण वयात त्यांचा स्नेह थॉमस पाउंड या कॅथलिक सरदारपुत्राशी जडला. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक पंथ कायद्याने निषिद्ध ठरला होता. मिस्सा ऐकणे हाही गुन्हा होता. स्टीफन्स पाउंडचा सेवक असल्याचे दाखवीत आणि दोघे गावोगाव हिंडून आपल्या पंथाच्या लोकांना धीर देत. पुढे पाउंड पकडला गेला आणि त्याची उमर तुरुंगात गेली. स्टीफन्स निसटून रोमला पोहोचले व ऑक्टोबर १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. आपल्या बंदिवान मित्रालाही संघात घ्यावे, यासाठी त्यांनी रोममध्ये खटपट केली आणि १५७८ मध्ये ती सफल झाली.

या पूर्वायुष्याकडे अभ्यासकांनी बहुधा चरित्रातील एक रंजक प्रकरण म्हणून पाहिले आहे. त्याला याहून अधिक मोल द्यावयास हवे. राजाज्ञेने माणसांचे पुस्तक, प्रार्थना आणि पूजास्थान हिरावून घेतले म्हणजे त्यांच्या मनाचे काय होते, हे स्टीफन्स यांनी स्वदेशी स्वतः भोगले होते. गोव्यात त्यांना जे दृश्य दिसले, त्यात मनाई करणारी सत्ता त्यांच्याच पंथाची होती.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले. या साडेसहा महिन्यांच्या प्रवासाचे वर्णन त्यांनी वडिलांना पत्राने कळविले. केप ऑफ गुड होपजवळचे वारे, उडणारे मासे, खलाशांचे आजार, सारे काही त्यात आहे. रिचर्ड हॅक्लुइट याने हे पत्र १५८९ च्या आपल्या प्रवाससंग्रहात छापले आणि त्यामुळे इंग्लंडमध्ये स्टीफन्स यांचे नाव राहिले. १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच आणि त्याचे सोबती हे इंग्रज व्यापारी होर्मुझहून कैद करून गोव्यात आणले गेले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी जामिनाची व्यवस्था करण्यातही त्यांचा हात होता. इंग्रजांच्या भारतातील इतिहासात त्यांचा उल्लेख येतो तो एवढ्यापुरताच.

दीक्षाविधी आटोपल्यावर त्यांची नेमणूक साष्टी प्रांतात झाली आणि उरलेले बहुतेक आयुष्य मडगाव, राशोल व भोवतालच्या गावांत गेले. साष्टी १५६० च्या सुमारास जेझुइटांकडे सोपविण्यात आली होती. त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे मोठ्या संख्येने पाडली गेली आणि त्याच वर्षीच्या धर्मपरिषदेने हिंदूंच्या धर्मग्रंथांवर, पुरोहितांवर व विधींवर निर्बंध घालण्याचे ठराव केले. पोरक्या मुलांविषयीचे कायदे, नोकऱ्यांतील सवलती, करांतील भेदभाव यांचा परिणाम असा झाला की अनेक कुटुंबे सीमेपलीकडे निघून गेली आणि जी राहिली त्यांतील पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला. यांपैकी किती जणांनी अंतःकरणपूर्वक घेतला आणि किती जणांनी घरदार राखण्यासाठी, याचा निवाडा आज करता येणार नाही. परंतु ज्या माणसाला स्वतःच्या पापाची वा तारणाची काही जाणीव होण्यापूर्वीच तारणाचा विधी उरकून घ्यावा लागला, तो माणूस धर्मगुरूसमोर दर रविवारी बसत होता, एवढे निश्चित.

या परिस्थितीचा स्फोट स्टीफन्स यांनी जवळून पाहिला. जुलै १५८३ मध्ये कुंकळी येथे क्रूस उभारण्यासाठी व देवळासाठी जागा निवडण्यासाठी गेलेल्या रुदोल्फ आक्वाविवा व अन्य चार जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार मारले. त्यांचे देह ताब्यात घेऊन त्यांना मूठमाती देण्याच्या कामी स्टीफन्स पुढे होते. नंतर पोर्तुगीजांनी कुंकळीच्या प्रमुख गावकऱ्यांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून त्यांचा वध केला. या घटनेनंतर तीन महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, स्टीफन्स यांनी पॅरिसमधील आपल्या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिले. त्यात सहकाऱ्यांच्या बलिदानाची हकीकत आहे. आणि त्याच पत्रात येथील भाषांविषयीचे ते सुप्रसिद्ध निरीक्षण आहे, की त्यांचे उच्चार गोड आहेत आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे. भाषाशास्त्राच्या इतिहासात हे निरीक्षण विल्यम जोन्सच्या दोनशे वर्षे आधीचे म्हणून नोंदले जाते. रक्तपाताचा वृत्तांत आणि भाषेचे कौतुक एकाच कागदावर यावे, हा योगायोग मानला तरी बोलका आहे. कुंकळीनंतर स्टीफन्स यांच्यासमोर दोन वाटा होत्या. एक, गावकऱ्यांना हट्टी मूर्तिपूजक मानून राज्यसत्तेवर अधिक भिस्त ठेवण्याची. दुसरी, त्यांच्या बोलण्यात शिरण्याची. त्यांनी दुसरी वाट धरली. पहिलीचा मात्र त्यांनी कोठे धिक्कार केल्याचे दिसत नाही, हेही नोंदविले पाहिजे. मारल्या गेलेल्या सहकाऱ्यांविषयी त्यांना शोक आहे. मारल्या गेलेल्या गावकऱ्यांची बाजू त्यांच्या लेखनात येत नाही.

पुढील तीस वर्षे त्यांनी भाषेच्या अभ्यासात घालविली. जेझुइटांच्या हाती त्या काळी मराठी पोथ्या आल्या होत्या. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रामायण-महाभारताच्या कथा रोमी लिपीत उतरवून घेतलेली हस्तलिखिते आजही आहेत. नवख्रिस्त्यांना जे वाचण्याची बंदी होती, ते त्यांचे गुरू काळजीपूर्वक वाचत होते, असा याचा अर्थ होतो. स्टीफन्स यांच्या ओवीची घडण, नमनाने होणारा आरंभ, श्रोत्यांना मधूनमधून दिलेली साद, उपमांची लड लावण्याची हौस हे सर्व मराठी पोथ्यांच्या वाचनातून आलेले आहे, यात शंका घेण्याचे कारण नाही. पैठणचे एकनाथ १५९९ मध्ये निवर्तले; म्हणजे स्टीफन्स साष्टीत भाषा शिकत असताना मराठी ओवी आपल्या ऐन बहरात होती.

त्यांच्या तीन ग्रंथांपैकी दोन त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. ‘दौत्रीन क्रिश्तां’ हे १६२२ मध्ये राशोल येथे छापलेले पुस्तक बोलीभाषेत, म्हणजे आजच्या कोकणीच्या पूर्वरूपात आहे. कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये, दिओगु रिबैरु यांनी वाढविलेल्या रूपात बाहेर आले. ‘दौत्रीन’ मुलांसाठी असून ती संवादरूपाने लिहिली आहे. तेथे प्रश्नही आधीच ठरलेला आणि उत्तरही. पाठ करणाऱ्याने दोन्ही मुखोद्गत करावयाचे. क्रूसाची खूण, प्रार्थना, आज्ञा, संस्कार हा शिस्तबद्ध क्रम त्यात आहे, आणि मुलांना शिकवावयाच्या पुस्तकात तो असावा हेही योग्यच. परंतु त्यातील प्रश्न शिकवणाऱ्याचाच असतो. शिकणाऱ्याला तो पडलेला नसतो. ‘क्रिस्तपुराणा’तील ब्राह्मण नेमका या धर्मपाठाच्या वेळी उठून बोलतो, ही योजना अर्थपूर्ण आहे. चाललेला पाठ तो अमान्य करीत नाही. हा पाठ आपल्याला पुरत नाही, एवढेच तो म्हणतो.

तो जे मागतो तेही पाहण्याजोगे आहे. आपण पापी आहोत, आपल्याला तारणारा हवा, असे तो म्हणत नाही. त्याला पुराण हवे आहे. चातुर्मासात, सणावारी, रात्रीच्या वेळी घरात वा देवळाच्या मंडपात जे ऐकले जाई, ज्यातून सृष्टी कशी झाली, देव कोण, माणूस कोठून आला आणि कोठे जाणार हे कळे, ते सारे गेले. त्याच्या जागी दहा आज्ञा आणि चार प्रार्थना आल्या. ही गरज धर्मगुरूच्या दृष्टीने दुय्यम, किंबहुना संशयास्पद वाटण्यासारखी होती. जुन्या धर्माची ओढ म्हणून ती दडपून टाकणे सोपे होते आणि त्या काळी अनेकांनी तसेच केले असते. स्टीफन्स यांनी ती मान्य केली. श्रोत्याने सांगितलेल्या गरजेचे समाधान करता करता त्याने न सांगितलेल्या, त्याला अद्याप न उमगलेल्या गरजेपर्यंत त्याला नेणे, हा त्यांच्या ग्रंथाचा मार्ग आहे.

म्हणूनच ‘क्रिस्तपुराणा’ची रचना इतकी दीर्घ पल्ल्याची आहे. ग्रंथाची दोन पुराणे आहेत. ‘पैले पुराण’ ३६ अवस्वरांचे असून त्यात चार हजारांहून अधिक ओव्या आहेत. आणि एवढ्या साऱ्या ओव्यांत ख्रिस्ताचा जन्म होत नाही. सृष्टीची उत्पत्ती, देवदूतांचे पतन, आदाम व एवा यांचे नंदनवनातून निष्कासन, जलप्रलय, आब्राहाम, मोशे, दावीद, शलमोन, राज्याचा विध्वंस, परागंदा झालेली प्रजा आणि संदेष्ट्यांची भाकिते असा तो पट आहे. पोर्तुगीज शीर्षकात या ग्रंथाला जगाच्या तारणाऱ्याच्या आगमनाविषयीचे प्रवचन म्हटले आहे. आगमन म्हटले की वाट पाहणे आले. आणि ‘पैले पुराण’ हे या वाट पाहण्याचे पुराण आहे. एकामागून एक राजा येतो, पराक्रम करतो, चुकतो, जातो. एकामागून एक नियम दिला जातो आणि मोडला जातो. ज्याने अशा शेकडो ओव्या रविवारमागून रविवार ऐकल्या, त्याला ‘तारणारा कशासाठी?’ हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पापाची व्याख्या ‘दौत्रीन’मध्ये दोन वाक्यांत पाठ करता येते, ‘पैल्या पुराणा’त ती काही महिने सोसावी लागते.

यावर असा आक्षेप संभवतो, की जुन्या कराराची कथा आधी सांगणे हा बायबलचाच क्रम आहे, त्यात स्टीफन्स यांचे विशेष ते काय? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. क्रम बायबलचा खरा. परंतु बायबलमधील कायदेग्रंथ, वंशावळ्या, विधिनियम असा पुष्कळ भाग त्यांनी गाळला वा आटोपता घेतला आहे, आणि जेथे पतन, विलाप व आशा आहे तेथे ओवी रेंगाळते. मध्येच श्रोते शंका विचारतात आणि गुरू त्यांचे निरसन करतात. या शंकांमुळे त्या पहिल्या ब्राह्मणाचा आवाज ग्रंथात पुढेही ऐकू येत राहतो. मराठी पोथीतील श्रोता-वक्ता संवादाची रीत येथे केवळ अलंकार म्हणून आलेली नाही. ज्याला आजवर विचारण्याची मुभा नव्हती, त्याला ती ग्रंथात मिळाली आहे.

त्यांच्यानंतर आलेल्या फादर एतिएन द ला क्रुआ यांच्या ‘पेद्रुपुराणा’शी तुलना केल्यास हा भेद अधिक ठळक होतो. १६२९ ते १६३४ या काळात छापलेला तो ग्रंथही ओवीबद्ध आहे आणि त्यातील मराठीही समर्थ आहे. परंतु पूर्वेकडील मूर्तिपूजकांच्या प्रमुख चुकांचे खंडन करणे हा हेतू त्याच्या पोर्तुगीज शीर्षकातच जाहीर केलेला आहे. खंडनाने श्रोत्याला त्याच्या जुन्या श्रद्धेची लाज वाटू शकते. लाज आणि गरज या दोन वेगळ्या गोष्टी होत. स्टीफन्स यांच्या ग्रंथात मूर्तिपूजेवर टीका नाही असे मुळीच नाही, इस्राएलाच्या कथेच्या निमित्ताने ती वारंवार येते. पण ग्रंथाचा भार तिच्यावर नाही. स्वर्गासाठी ते वैकुंठ हा शब्द निःशंकपणे योजतात. श्रोत्याच्या मनात त्या शब्दाभोवती जी ओढ आधीच जमलेली आहे, ती त्यांना हवी होती.

या सर्वांत एक गाठ आहे आणि ती सुटत नाही. ब्राह्मणाच्या मनातील जी पोकळी भरून काढण्यासाठी पुराण लिहिले गेले, ती पोकळी निर्माण करणारी मनाई पाद्रीगुरूंच्याच संस्थेची होती. तहान लावणारा आणि पाणी देणारा एकच असेल, तर त्या तहानेला आत्मिक गरज म्हणावे काय? स्टीफन्स यांच्या थोरवीपुढे हा प्रश्न टाळण्याकडे मराठी समीक्षेचा कल राहिला आहे. उलट बाजूने, केवळ सत्तेचे हत्यार म्हणून या ग्रंथाची वासलात लावणारेही आहेत. दोन्ही पक्षांना ग्रंथ पुरून उरतो. कारण ब्राह्मणाच्या तोंडी ती मनाईची गोष्ट स्टीफन्स यांनी स्वतःच घातली आहे. ती वगळून नुसत्या नमनानंतर कथेला आरंभ करता आला असता. चर्चच्या परवानगीने छापावयाच्या ग्रंथात, आम्हांला वाचण्यास काही उरले नाही ही नवख्रिस्त्याची तक्रार त्यांनी नोंदविली आणि तिला उत्तर देणे आपले कर्तव्य मानले. ज्याने इंग्लंडमध्ये चोरून प्रार्थना केल्या, त्याला ही तक्रार ऐकू येणे स्वाभाविक होते, असे म्हणता येईल. तिचे मूळ कारण मात्र त्यांनी प्रश्नांकित केले नाही.

ग्रंथ लोकांच्या लिपीत छापावा ही त्यांची फार इच्छा होती. १६०८ मध्ये रोम येथील संघप्रमुखांना पाठविलेल्या पत्रात त्यांनी त्यासाठी परवानगी मागितली. रोमी लिपीला दोन डझन खिळे पुरतात, येथील जोडाक्षरी लिपीला मात्र सुमारे सहाशे लागतील, ही अडचणही त्यांनी तेथेच मांडली आहे. ते साधले नाही. १६१६ मध्ये राशोल येथे ‘क्रिस्तपुराण’ रोमी अक्षरांत छापले गेले. पुराण हे मुळात ऐकावयाचे असल्यामुळे ही उणीव वाटते तितकी बाधली नसावी. एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे ही रीत त्या समाजाला परकी नव्हती. तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, वयाच्या सत्तरीच्या सुमारास स्टीफन्स यांचे गोव्यात निधन झाले. इंग्लंड सोडल्यावर ते मायदेशी परतले नाहीत.

१६४९ आणि १६५४ मध्ये ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. सतराव्या शतकातील गोव्यात ही गोष्ट लहान नव्हे. पुढे राज्यसत्तेचे धोरण पालटले. २७ जून १६८४ च्या फर्मानाने तीन वर्षांत लोकांनी पोर्तुगीज भाषा आत्मसात करावी आणि देशी भाषा सोडावी, असे ठरविण्यात आले. त्यानंतर पुराणाची छपाई झाली नाही आणि पूर्वीच्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. म्हणजे ज्या ब्राह्मणाची जुनी पुराणे गेली होती, त्याच्या नातवंडा-पतवंडांच्या हातून हे नवे पुराणही काढून घेण्यात आले.

तरीही ते टिकले. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या कानडा किनाऱ्यावरील ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हाताने नकला केल्या आणि ते घरोघरी गायिले. अशा हस्तलिखितांच्या आधारे जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची आवृत्ती काढली. १९२० च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांना लंडन येथील मार्सडेन संग्रहात त्याची देवनागरी प्रत आढळली. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्यात ते देवनागरीत प्रसिद्ध केले, म्हणजे स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये मागितलेली गोष्ट ३४८ वर्षांनी घडून आली. मंगळूरच्या आवृत्तीमागे ज्या वह्या होत्या, त्या पंडितांनी वा मठांनी राखलेल्या नव्हत्या. त्या ख्रिस्ती घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उतरवून ठेवल्या होत्या.